चार्ल्स ब्रॉन्सन: नट की ठोकळा?

खडूमास्तर
रविवारी दुपारी लेकाला (वय १७, स्वतःला सिनेमातलं सगळं कळतं असा समज) शेजारी बसवून हॉलिवूडवाल्या ब्रॉन्सनचा 'हार्ड टाइम्स' पाहिला. १९७५ चा. मंदीच्या काळातलं न्यू ऑर्लिन्स, पैजा लावून उघड्या मुठींनी होणाऱ्या मारामाऱ्या, आणि मालगाडीतून उतरलेला एक अनोळखी माणूस. सिनेमा संपल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, बॉडी भारी आहे, पण याला ॲक्टिंग येते का? चेहरा हलतच नाही. ठोकळा आहे."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. गेली पस्तीस वर्षं हा माणूस मला आवडतो. 'ग्रेट एस्केप', 'मॅग्निफिसंट सेव्हन', 'डेथ विश', सगळे पाहिलेत, काही चार-चारदा. पण का आवडतो हे कधी शब्दांत मांडावं लागलं नव्हतं. तेव्हा जाणकारांनो, मदत करा. ब्रॉन्सन नट होता, की देवाने (आणि नंतर इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीने) घडवलेला नुसता एक चेहरा?

चहाबाज
पहिला! बाकी सावकाश वाचतो.

डब्बा_गूल
नट नाही, बोल्टही नाही. सरळ खिळा. ठोकला की ठोकला.

कोथरूडकर काका
मास्तर, तुमच्या लेकाला माझ्याकडे पाठवा.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत पुण्यात इंग्रजी सिनेमा म्हणजे अलका टॉकीज, नाहीतर कॅम्पात वेस्ट एंड. आम्ही सगळे मराठी माध्यमाचे. हीरो भराभर बोलायला लागला की आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. शेजारचा हसला की हसायचं, हा नियम. ब्रॉन्सनच्या सिनेमात ती भानगड नव्हती. तो बोलतच नसे! 'द मेकॅनिक' (१९७२) सुरू होतो तेव्हा पहिली पंधरा मिनिटं पडद्यावर एक शब्द नाही. भाड्याने खून करणारा माणूस समोरच्या घराचे फोटो काढतो, ते भिंतीवर लावतो, विचार करतो, चोरून आत जातो, गॅसची तयारी करतो. बस्स. आणि आम्हाला सगळं कळत होतं. कॉलेजात इंग्रजीचा तास पंचेचाळीस मिनिटं चालायचा आणि त्यात काही कळत नसे, हेही इथेच नोंदवतो.

पंधरा मिनिटं न बोलता थिएटर गप्प बसवायचं याला अभिनय म्हणत नसतील तर मला व्याख्या सांगा.

वैदेही_क
काका, थिएटर गप्प बसवलं ते दिग्दर्शक आणि संकलकाने. त्या पंधरा मिनिटांत ब्रॉन्सनच्या जागी तुम्ही असतात तरी परिणाम तोच झाला असता. (मिशी मात्र लावावी लागली असती.)

माझं मत मास्तरांच्या लेकाबरोबर. एका ठरावीक पट्टीत चांगला वाटणारा, आणि ती पट्टी कधी सोडली नाही असा माणूस. 'डेथ विश'चे पाच भाग काढले यातच सगळं आलं. १९७४, ८२, ८५, ८७ आणि ९४. शेवटच्या भागात तो सत्तरी ओलांडलेला होता. त्या वयात आमचे आजोबा भाजी आणायला जाताना जिना जपून उतरायचे.

कोथरूडकर काका
मिशी आहे मला. :)

मीनल_पिट्सबर्ग
मी अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहते. इथून पूर्वेला दीड-पावणेदोन तासांवर जॉन्सटाऊन आणि त्याच्या पुढे एहरनफेल्ड नावाचं कोळसा खाणीचं चिमुकलं गाव. ब्रॉन्सन तिथला. मूळ आडनाव बुचिन्स्की, वडील लिथुआनियातून आलेले, पंधरा भावंडांत हा अकरावा. हा दहा वर्षांचा असताना वडील गेले, आणि पुढे हाही खाणीत उतरला. टनाला एक डॉलर मिळायचा, असं तो सांगत असे. घरात इतकी ओढग्रस्त होती की कपडे नव्हते म्हणून एकदा बहिणीचा झगा घालून शाळेत जावं लागलं, हीसुद्धा त्यानेच सांगितलेली आठवण.

दहाएक वर्षांपूर्वी नवऱ्याच्या हट्टापायी (तो काकांच्या पंथातला) आम्ही तिथे वाट वाकडी करून गेलो होतो. गाव म्हणजे चार गल्ल्या. उशाला खाणीतून काढून टाकलेल्या काळ्या मालाचा डोंगरच्या डोंगर. नवरा गाडीतून उतरून नुसता त्या ढिगाकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, "फोटो काढू का?" तर म्हणाला, "नको, चेहरा कळला."

तेव्हा मला ते वाक्य उगाच फिल्मी वाटलं होतं. मग घरी येऊन त्याच्याबरोबर 'ग्रेट एस्केप' पुन्हा पाहिला. त्यात ब्रॉन्सन म्हणजे डॅनी नावाचा पोलिश कैदी, बोगदे खणणाऱ्यांचा राजा. सतराव्या बोगद्यापर्यंत येतो आणि मग कबूल करतो की बंदिस्त जागेची भीती वाटते. बोगदा ढासळतो, याला मातीतून ओढून काढतात, तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे आहे ते बघा वैदेहीताई. त्या सेटवर बाकीच्या नटांनी बोगद्याची कल्पना केली असेल. याला करावी लागली नाही.

फिल्लमबाज
मीनलताई, प्रतिसाद आवडला. पण "खाणीत होता म्हणून चांगला केला" हे उलट नटाला कमी लेखणं होतं. तो काही थेट खाणीतून कॅमेऱ्यासमोर आलेला नाही. मधे दुसरं महायुद्ध आहे. बी-२९ बॉम्बर विमानावर तो गनर होता, ग्वाम बेटावरून मोहिमा केल्या, जखमी झाल्याबद्दल पर्पल हार्ट पदक मिळालं. परत आल्यावर पॅसाडेना प्लेहाउसमध्ये रीतसर अभिनय शिकला. १९५१ पासून बारीकसारीक भूमिका. १९५३ च्या 'हाउस ऑफ वॅक्स'मध्ये व्हिन्सेंट प्राइसचा मुका-बहिरा मदतनीस इगॉर आहे ना, तो हाच. श्रेयनामावलीत चार्ल्स बुचिन्स्की. पुढच्या वर्षी नाव बदललं, कारण मॅकार्थीच्या काळात, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसं कामावरून जात तेव्हा, असलं पूर्व युरोपी आडनाव घेऊन हॉलिवूडमध्ये फिरणं धोक्याचं होतं.

म्हणजे गडी कारकिर्दीच्या सुरुवातीपासूनच न बोलण्याचा पगार घेत होता.

आता मास्तरांच्या प्रश्नाकडे. लिओनीचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) मी पहिल्यांदा लॉ कॉलेज रस्त्याला फिल्म आर्काइव्हमध्ये पाहिला. सुरुवातीला स्टेशनवर तीन गुंड वाट बघतायत. एकाच्या तोंडावर माशी, एकाच्या टोपीवर टपटपणारं पाणी, एक बोटं मोडतोय. गाडी येते, जाते, आणि पलीकडे ब्रॉन्सनचा माउथऑर्गन वाजतो. ते तिघं म्हणतात, एक घोडा कमी पडतोय वाटतं. हा मान किंचित हलवतो आणि म्हणतो, दोन जास्त आणलेत. पुढच्या काही सेकंदांत हिशेब बरोबर निघतो.

या सिनेमात लिओनी कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या इतका जवळ नेतो की पडदाभर फक्त सुरकुत्या आणि दोन फटी उरतात. इतक्या जवळ गेल्यावर नटाने काहीही 'केलं' तर ते खोटं दिसतं. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं असतं, इथे काहीच पोचवायचं नसतं. मनात चालू ठेवायचं आणि बाहेर सांडू द्यायचं नाही. करून बघा आरशासमोर. दहाव्या सेकंदाला भुवई उडते.

डब्बा_गूल
केलं. सातव्याला उडाली. बायकोने विचारलं पोटात दुखतंय का.

चहाबाज
माउथऑर्गन वाजवणारा, कमी बोलणारा हीरो? आणि 'शोले'त जय?

फिल्लमबाज
हो चहाबाज, तिथूनच. आणि नुसता माउथऑर्गन नाही. ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड आठवा, वारा, शांतता, शेवटी लहान मुलगा आणि समोर येणारा मारेकरी. लिओनीच्या सिनेमात मॅकबेन कुटुंबाचं हेच होतं. तिथे मारेकरी आहे हेन्री फोंडा, जन्मभर सज्जन माणसांच्या भूमिका केलेला. तो म्हणे डोळ्यांत तपकिरी लेन्सा आणि ओठांवर मिशी लावून सेटवर आला. लिओनीने दोन्ही काढायला लावलं. त्याला तेच निळे, भाबडे डोळे हवे होते.

कोथरूडकर काका
आणि गावाच्या रक्षणासाठी भाडोत्री माणसं आणणं 'मॅग्निफिसंट सेव्हन'मधून, तेही जपानी दिग्दर्शक कुरोसावाचं उसनं. म्हणजे जपान, अमेरिका, इटली फिरून माल रामगढला पोचला. ऑक्ट्रॉय किती लागला असेल?

बापू_कलिंगडवाले
नमस्कार मंडळी. मी इथं जास्त लिहीत नाही, वाचतो. पण ब्रॉन्सनचा विषय निघाला आणि 'मिस्टर मॅजेस्टिक'चं नाव कुणी घेतलं नाही म्हणून राहवलं नाही. १९७४, 'डेथ विश'च्याच वर्षीचा.

जगातला एकमेव ॲक्शन सिनेमा ज्यात हीरोचं म्हणणं एवढंच आहे की माझी कलिंगडं तोडून होऊ द्या. व्हिएतनामहून आलेला शेतकरी, कोलोरॅडोत कलिंगडाचं रान. तोडणीला मेक्सिकन मजूर आणलेत. एक दांडगा येतो, म्हणतो माझीच माणसं कामाला लाव. त्यातून मारामारी, हा तुरुंगात, तिथं एका खुनी गुंडाशी गाठ. पोलीस, माफिया, सगळे याच्या मागे, आणि हा प्रत्येकाला एकच सांगतो: माल तयार आहे, मला शेतात जायचंय.

मी सोलापूरकडचा, स्वतः कलिंगड करतो. माल तोडणीला आला आणि मजूर मिळेना, मिळाला तर व्यापारी बांधावर उभा राहून भाव पाडतो, हे दुखणं ज्यानं भोगलंय त्यालाच तो माणूस कळेल. पुढे गुंड त्याच्या गोदामात शिरून तोडून ठेवलेल्या कलिंगडांवर मशीनगन चालवतात. लाल चिखल नुसता. हा येऊन उभा राहतो. रडत नाही, ओरडत नाही. फुटलेल्या मालाकडं बघतो. आमच्याकडं गारपीट झाल्यावर सकाळी माझे वडील बांधावर असेच उभे राहिले होते. त्यांना पण ॲक्टिंग येत नव्हती.

रानभूल
बापू _/\_

मीनल_पिट्सबर्ग
बापू, तुम्ही जास्त लिहीत जा हो.

वैदेही_क
बापू, प्रतिसाद फार सुंदर. आज रात्री बघणार.

पण मला 'डेथ विश'बद्दल बोलायचंय, कारण सगळे त्याला वळसा घालून चाललेत. न्यूयॉर्कमधला वास्तुविशारद पॉल कर्सी. घरात गुंड शिरतात, बायको मरते, मुलीवर अत्याचार होतो, ती मनाने कोसळते. मग हा रात्री पिस्तूल घेऊन फिरतो आणि लुटारूंना मारतो. आता मला सांगा, पुढे त्याच सिनेमात त्या मुलीचं काय होतं? एका संस्थेत पाठवली, विषय संपला. तिचं दुःख म्हणजे फक्त बापाच्या बंदुकीत घालायची दारू. दुसऱ्या भागात तर पुन्हा तिच्यावरच तेच, आणि या वेळी ती मरते. लोक टाळ्या वाजवतायत. मला ब्रॉन्सनच्या न हलणाऱ्या चेहऱ्याचा त्रास तिथे होतो. इतकं होऊनही काही हलत नसेल तर तो कणखरपणा कसला?

निशाचर७१
ताई, तो काळ बघा. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा लोक रात्री भुयारी रेल्वेत चढायला घाबरत होते. पोलीस काही करत नाहीत म्हटल्यावर सामान्य माणसाने काय करायचं? आपल्याकडे 'अंधा कानून', 'आज की आवाज़' चालले ते याच कारणाने. लोकांना जे करावंसं वाटतं ते पडद्यावर कुणीतरी केलं.

वैदेही_क
'आज की आवाज़' (१९८४) 'डेथ विश'वरूनच घेतला होता, इथे राज बब्बर. आणि लोकांना जे करावंसं वाटतं म्हणाल, तर त्याच १९८४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नार्ड गेट्झ नावाच्या माणसाने चार तरुणांवर गोळ्या झाडल्या. वर्तमानपत्रांनी लगेच 'डेथ विश'ची आठवण काढली. मूळ कादंबरी लिहिणारा ब्रायन गारफील्डच सिनेमावर नाराज होता. त्याची कादंबरी सांगते की हा माणूस बिघडत चाललाय. सिनेमा म्हणतो, शाब्बास. गारफील्डने मग उतारा म्हणून दुसरी कादंबरी लिहिली.

आपल्याकडे 'अर्धसत्य' आलाच की १९८३ ला. वेलणकरचा संताप बघताना टाळी वाजवावीशी वाटते आणि हात मधेच थांबतो. तो फरक.

निशाचर७१
'अर्धसत्य' बघायला रांगा लागत नव्हत्या.

वैदेही_क
लागल्या होत्या. चांगला चालला होता तो.

फिल्लमबाज
वैदेही, बहुतेक पटलं. दुसऱ्या भागापासून ती मालिका कॅनन फिल्म्सच्या गोलन-ग्लोबस जोडीच्या हातात गेली आणि चक्कीतून पीठ पडावं तसे भाग पडले, तिथे ब्रॉन्सनचा बचाव करणार नाही. पण पहिल्या भागात एक गोष्ट तू विसरतेयस. पहिला खून करून तो घरी येतो तेव्हा काय करतो?

वैदेही_क
ओकतो.

फिल्लमबाज
ओकतो. धावत येतो, हात थरथरतायत, आणि संडासात उलटी. पन्नाशी उलटलेला, मिटल्या तोंडाचा, जगभर दणकट म्हणून गाजलेला नट. त्या एका जागी सिनेमा गारफील्डच्या कादंबरीजवळ जातो. पुढे दिग्दर्शक मायकेल विनरला त्यात रस उरला नाही, हे खरं.

वैदेही_क
हं. एवढं मान्य. शेवटी स्टेशनवर टवाळ पोरांकडे बघून बोटांची बंदूक करून हसतो ते मात्र मला अजून झेपत नाही.

डब्बा_गूल
म्हणजे चेहरा हलतो तेव्हाही तुम्हाला चालत नाही. ब्रॉन्सनने करायचं तरी काय?

रानभूल
एक शंका. हा मुळात स्टार झाला कधी? 'मॅग्निफिसंट सेव्हन' आणि 'डर्टी डझन'मध्ये तर घोळक्यातला एक आहे.

ओसाकाकर
रानभूल, त्याचं उत्तर अमेरिकेत नाही. घरच्यांनी ओळखलं नाही, बाहेरच्यांनी डोक्यावर घेतलं, अशातली गत. फ्रान्समध्ये अलँ दलाँबरोबर 'आदिऊ लामी' (१९६८), लिओनीचा सिनेमा, मग रने क्लेमाँचा 'रायडर ऑन द रेन'. इटलीत त्याला 'इल ब्रुत्तो' म्हणत, म्हणजे कुरूप, पण लाडाने. अमेरिकेत खरा दणका 'डेथ विश'ने, तेव्हा वय बावन्न. आपल्याकडे त्या वयात लोक स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरतात.

आणि जपान! मी ज्या शहरात नोकरी करतो तिथली एक सौंदर्यप्रसाधनांची कंपनी, तान्चो. १९७० मध्ये तिने 'मॅन्डम' नावाची पुरुषांची प्रसाधनं आणली आणि जाहिरातीत ब्रॉन्सनला घेतलं. घरी येतो, शर्ट काढून फेकतो, बाटलीच्या बाटली अंगावर ओततो आणि हनुवटी चोळत म्हणतो, "उंऽऽ, मॅन्डम." देशभर पोरं हनुवटी चोळत फिरायला लागली. माल इतका खपला की पुढच्या वर्षी कंपनीने स्वतःचंच नाव बदलून मॅन्डम केलं. आमच्या ऑफिसातले साठीपुढचे एक साहेब अजून बैठक लांबली की हनुवटीवर हात फिरवून हळूच "उंऽऽ" करतात, आणि त्यांच्या वयाचे सगळे हसतात. तरुण पोरांना काही कळत नाही.

चहाबाज
उंऽऽ, चहा.

कोथरूडकर काका
चेहरा न हलवता धाक बसवणं म्हणाल तर आपले निळूभाऊ. 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील.

रानभूल
काका, नको ना! निळूभाऊंचा चेहरा सतत हलतो. डोळे, ओठ, गालातल्या गालात चालणारी जीभ. आणि तो घोगरा आवाज. तुलनाच चुकीची.

कोथरूडकर काका
'सिंहासन'मधला दिगू टिपणीस घ्या मग. सगळं बघतो, बोलत काही नाही.

रानभूल
आणि शेवटी वेडा होऊन हसत सुटतो! ब्रॉन्सन हसत सुटलाय का कधी?

खडूमास्तर
मंडळी, निळूभाऊंवर वेगळा धागा काढू, मी स्वतः काढतो. इथे परत या.

मीनल_पिट्सबर्ग
रानभूल, हसला नाही, पण स्वतःची टिंगल केली आहे. 'फ्रॉम नून टिल थ्री' (१९७६) बघा. एका किरकोळ दरोडेखोराला लोक मेला समजतात, त्याच्या प्रेयसीने लिहिलेल्या पुस्तकामुळे तो दंतकथा होतो. खरा माणूस परत येतो तर कुणी ओळखत नाही, कारण पुस्तकातला उंच आणि देखणा! प्रेयसी जिल आयर्लंड, म्हणजे खऱ्या आयुष्यातली बायको. दोघांनी पंधराच्या आसपास सिनेमे एकत्र केले. पुढे तिला स्तनाचा कर्करोग झाला, त्यावर तिने पुस्तक लिहिलं. नाव ठेवलं 'लाइफ विश'. नवऱ्याच्या सिनेमाला दिलेलं उत्तरच म्हणा.

१९९० च्या मे महिन्यात ती गेली. १९९१ मध्ये शॉन पेनने दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा केला, 'द इंडियन रनर'. त्यात ब्रॉन्सन दोन भावांचा म्हातारा बाप. हातात बंदूक नाही, कुणाला मारायचं नाही. सिनेमात त्याची बायको मरते. नंतर तो एकटा घरात, मुलाशी फोनवर बोलतो. फार थोडे प्रसंग आहेत. मी ते एकदाच पाहिलेत, परत बघवले नाहीत.

वैदेही_क
हा मी पाहिला आहे. तो बाप ब्रॉन्सन होता हे आत्ता तुमच्यामुळे कळलं. खरंच. शोधून खात्री केली.

कोथरूडकर काका
वैदेही, मी काही बोलत नाही. मिशीवर हात फिरवतो फक्त.

वैदेही_क
फिरवा काका. 'डेथ विश'बद्दलचं मत मागे घेतलेलं नाही.

खडूमास्तर
काल रात्री लेकाला 'मॅग्निफिसंट सेव्हन'मधला तो प्रसंग दाखवला. ब्रॉन्सनचा ओरायली, अर्धा आयरिश, अर्धा मेक्सिकन. गावातली पोरं त्याच्या मागे लागलीत, आम्हाला घेऊन चल, आमचे बाप भित्रे आहेत म्हणून. हा त्या पोराला मांडीवर आडवा घेऊन चोपतो. मग सांगतो की बंदूक बाळगायला धैर्य लागत नाही, तुमचे बाप तुम्हा सगळ्यांची जबाबदारी दगडासारखी उरावर घेऊन रोज शेतात राबतात, तेवढं माझ्यात कधीच नव्हतं. मला दर वेळी इथे घशाशी येतं, पण बाजूला लेक होता म्हणून मी ब्रॉन्सन झालो.

चिरंजीव गप्प. मग म्हणाले, "ठोकळाच आहे." दोन मिनिटांनी पाणी प्यायला उठले आणि आतून विचारलं, "तो बोगद्यावाला आज बघायचा का? किती तासांचा आहे?"

जवळजवळ तीन तासांचा आहे. दीड वाजता झोपलो. आज शाळेत पहिल्या तासाला जांभया.

बापू_कलिंगडवाले
मास्तर, पुढच्या रविवारी मॅजेस्टिक दाखवा त्याला. आणि मार्चमध्ये इकडं या, फोडायला खरी कलिंगडं देतो.

डब्बा_गूल
ते मॅन्डम आपल्याकडे मिळतं का कुठे? बायको विचारतेय. नाही, मीच विचारतोय.